काल्पीची दुपार आणि नवी एन्फिल्ड

१८५७ म्हटले की काडतूस आणि काडतूस म्हटले की गाईडुकराची चरबी, इथवरचा इतिहास आपल्याला शाळेपासून पाठ असतो. पण त्या काडतुसाला मुळात चरबी लागत का होती, हे आपण फारसे विचारत नाही. उत्तर शोधू लागलो की बराकपूर-मेरठ मागे टाकून काल्पीला जावे लागते. झाशी पडल्यानंतर आणि बाईसाहेब ग्वाल्हेरला येण्यापूर्वी तिथे एक दुपार अशी आली, की इंग्रजांच्या हातातली नवी कोरी बंदूकच चालेनाशी झाली. आमच्या घराघरांत बाईसाहेबांच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्यात ही दुपार सहसा नसते.

आधी बंदूक समजून घेऊ. १८५३ सालच्या नमुन्याची एन्फिल्ड ही ठासणीचीच, म्हणजे तोंडाकडून भरायची. शिपाई काडतुसाचा कागद दाताने फाडी, दारू नळीत ओती, मग काडतूस उलटे करून गोळीचे टोक तोंडात बसवी, उरलेला कागद फाडून टाकी आणि गजाने गोळी खाली ठाशी. घोड्याखाली तांब्याची टोपी बसवली की बार तयार. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. हिच्या नळीत तीन पिळदार खाचा होत्या. गोळी मागून पोकळ. बार उडताच ती फुगे, खाचांत घट्ट बसे आणि फिरत बाहेर पडे. जुन्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे दैवावर सोडावा लागे. एन्फिल्ड सहा-सातशे यार्डांवरच्या जमावालाही गाठे.

या गुणातच तिचा दोष दडलेला होता. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८. दोहोंत अंतर इंचाच्या हजार भागांपैकी फक्त नऊ भाग, आणि त्यातही गोळीभोवतीचा कागद जागा खाणार. शिवाय काळ्या दारूचा सगळाच धूर होत नाही. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात उरतो आणि त्यातला बराचसा कीट होऊन नळीला आतून चिकटतो. दमट हवेत हा कीट मऊ राहतो, कोरड्या उन्हात त्याची खरपुडी होते. दहा-वीस बार झाले की नऊ भागांची फट भरून जाते आणि गोळी अर्ध्यावर अडकते. अडकलेल्या गोळीमागे पोकळी राहिली असता बार उडवला, तर नळी फुगण्याची किंवा फुटण्याची भीती. म्हणून गोळी थेट दारूवर टेकलीच पाहिजे. ती सरकावी आणि कीट मऊ राहावा, यासाठी वंगण. चरबी लागत होती ती एवढ्यासाठी.

इथे एक बाब सांगायला हवी. वंगण गोळीच्या टोकाला असे आणि दाताने फाडायचे ते दारूकडचे टोक. काही इंग्रज लेखकांनी यावरून शिपायांना अडाणी ठरवले. आम्हांला ते पटत नाही. उन्हात वितळलेली चरबी आपले टोक धरून बसत नाही. ती कागदात झिरपते, हाताला लागते आणि हात तोंडाकडे जातोच. शिवाय चरबी कशाची, याचे सरळ उत्तर शिपायाला वेळेवर मिळाले नाही. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला कुजबुज सुरू झाल्यावर, शिपायांनी मेण-तेलाचे वंगण स्वतः लावावे अशी मुभा निघाली. पुढे कागद हाताने फाडण्याचीही. तोवर विश्वास उडाला होता. मेरठच्या ज्या ८५ स्वारांनी एप्रिलमध्ये काडतुसे नाकारली, ती तर जुन्याच धाटणीची होती.

आता काल्पी. सर ह्यू रोझची फौज झाशी घेऊन उत्तरेकडे निघाली. ७ मे १८५८ ला कूंच येथे लढाई झाली. उन्हाचा तडाखा असा, की खुद्द रोझ आजारी पडला. वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच सुमारास काल्पीच्या वाटेवर होते. एका विहिरीपाशी त्यांना तहानलेल्या बाईसाहेब भेटल्याचे त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले आहे. हे ऊन दोन्ही बाजूंना सारखेच होते. फरक इतकाच, की आपल्या बाजूने त्याचा हिशेब केला होता. गोऱ्यांना ऊन सोसत नाही, तेव्हा दहा वाजण्यापूर्वी त्यांच्यावर हल्ला करू नये, असा बंडवाल्यांचा हुकूम सापडल्याचे रोझनेच आपल्या अहवालात नमूद केले आहे. उन्हाला हत्यार करण्याची ही बुद्धी कुणाची होती कोण जाणे, पण ती होती खरी.

२२ मे रोजी काल्पीजवळच्या गुलौलीला ती कामी आली. यमुनेच्या काठचा तो मुलूख म्हणजे आपल्या चंबळेसारखाच बेहड. माणूस घळीत उतरला की दिसेनासा होतो. रावसाहेब पेशवे, बांद्याचा नवाब आणि बाईसाहेब यांच्या फौजेने इंग्रजांच्या डाव्या बगलेवर हुलकावणीचा हल्ला केला आणि खरा लोंढा उजव्या बाजूच्या घळींतून वर आला. तिथे ब्रिगेडियर स्टुअर्टच्या तोफा होत्या. इंग्रज पायदळाने एन्फिल्ड झाडायला सुरुवात केली, आणि होता होता तिचा मारा मंदावू लागला. नळ्या किटाने भरल्या होत्या, वंगण उन्हात कधीच विरघळले होते, गोळी गजाला दाद देईना. हे कुणा शाहिराचे कवन नव्हे. बंदुका भरणे अवघड झाल्याची नोंद इंग्रजांच्या स्वतःच्या कागदांत आहे.

अशा वेळी उपाय एकच: गोळी कशीबशी बाहेर काढा, नळीत पाणी ओता, धुवा, कोरडी करा आणि पुन्हा भरा. मे महिन्यात, भर दुपारी, समोरून माणसे धावून येत असताना हे कुणाला जमणार? धावून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांकडे जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. त्यांत गोळीभोवती मोकळी जागा पुष्कळ, त्यामुळे कीट साचला तरी भरता येत. शंभर यार्डांच्या आत आल्यावर त्या नव्या बंदुकीपेक्षा उण्या नव्हत्या.

हल्ला तोफांपर्यंत पोचला. स्टुअर्ट घोड्यावरून उतरून तोफांपाशी उभा राहिला आणि गोलंदाजांना जीव देऊन तोफा राखायला सांगू लागला. तेवढ्यात रोझ उंटदळ घेऊन आला. सुमारे दीडशे माणसे, बंदुका स्वच्छ. उंटांवरून उतरून त्यांनी बार टाकला आणि संगिनी रोखून धाव घेतली. लोंढा घळींत परतला. दुसऱ्या दिवशी काल्पी पडली. १ जूनला बाईसाहेब, रावसाहेब आणि तात्या टोपे ग्वाल्हेरच्या वेशीवर उभे होते. पुढचे फुलबागेतल्या समाधीपाशी आपण दरवर्षी आठवतो.

आपल्या पुस्तकांत काल्पीचा पराभव दोन ओळींत उरकला जातो, आणि बंदुका तुंबल्याचे सांगितले तर बाईसाहेबांच्या पराक्रमाला उणेपणा येईल अशी धास्तीही काहींना वाटत असावी. आमचे मत उलट आहे. समोरच्याची बंदूक अडली म्हणून तोफांपर्यंत आपोआप कुणी पोचत नाही; तोफा तर चालूच होत्या. आणखी एक गोष्ट बोलायला अवघड जाते. रोझच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या, आणि त्या इलाख्याची भरती कोकणात नि देशावरही होई. मराठी माणूस त्या दुपारी एकाच बाजूला होता असे म्हणता येत नाही.

इंग्रजांनी धडा घेतला. १८५९ मध्ये गोळीचा व्यास ०.५५ इंचावर आणला, म्हणजे फट तिपटीने वाढली, आणि वंगणात चरबीऐवजी मेणावर भर आला. मेण उन्हात लवकर वितळत नाही आणि कुणाच्या धर्मालाही लागत नाही. हेच दोन वर्षे आधी झाले असते तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्याच सुमारास देशी पलटणींसाठी बंदुकीचा वेगळा नमुना निघाला. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड, पण नळी ०.६५६ इंचाची, आणि आतल्या पिळदार खाचा मुद्दाम ठेवलेल्याच नाहीत.