हंगाम नसलेला डोंगर

महाबळेश्वरला हंगाम असतो. १८२८ साली माल्कमच्या काळात तिथे पेठ वसली, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात वर जायचे, मृगाच्या सरी कोसळू लागल्या की खाली उतरायचे, ही रीत पडली. बंगळूरपासून साठेक किलोमीटरवरच्या नंदीदुर्गाला हंगाम नाही. लोक तिथे बारा महिने जातात. पहाटे निघतात, ढगांवर उगवणारा सूर्य पाहतात आणि बहुतेक जण दुपारच्या जेवणाला शहरात परततात. उंचीत हा डोंगर कमी नाही. १,४७८ मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षा थोडा वरच. तरीही इथे बाजारपेठ वसली नाही, बंगल्यांच्या रांगा उठल्या नाहीत.

याचे कारण डोंगरात शोधू नये. ते बंगळूरच्या हवेत आहे. मुंबईच्या साहेबाला एप्रिलमध्ये पळावेच लागे. बंगळूर स्वतःच नऊशे मीटरवर, तिथल्या साहेबाला तशी निकड नव्हती. अपवाद सर मार्क कब्बन यांचा. १८३४ ते १८६१ या काळात म्हैसूरचा कारभार पाहणारे हे कमिशनर उन्हाळ्यात नंदीवर राहत. त्यांचा बंगला आज नेहरू निलय म्हणून ओळखला जातो.

त्याआधी हा डोंगर लष्करी होता. चिकबळ्ळापूरचे पाळेगार, मग हैदर, मग टिपू. १७७० च्या सुमारास थोरल्या माधवरावांच्या फौजा याच मुलुखात फिरत होत्या. १७९१ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन पुन्हा कर्नाटकात होते, या वेळी कंपनीचे दोस्त म्हणून. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला, चंद्र उगवल्यावर केलेल्या हल्ल्यात, कॉर्नवॉलिसच्या सैन्याने गड घेतला. वाटाड्ये हे क्वचितच सांगतात. कैद्यांना जिथून ढकलत असे म्हणतात, तो ‘टिपू ड्रॉप’चा कडा दाखवला की त्यांचे काम भागते. वेढ्याची कथा लांब असते, कड्याची एका वाक्यात संपते.

माझ्या मते या डोंगराचा सर्वांत चांगला उपयोग १९२७ साली झाला. त्या मार्चमध्ये कोल्हापूर-निपाणी भागातल्या दौऱ्यात गांधीजींचा रक्तदाब एकदम वाढला आणि ते कोलमडले. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी त्यांना सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीला नेले. आंबोली सुंदर, पण सह्याद्रीच्या अगदी काठावरची. जूनमध्ये तिथे जो पाऊस लागतो तो आजाऱ्याने सोसण्यासारखा नसतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते नंदीवर आले आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत राहिले. पुढचा मुक्काम बंगळूरच्या कुमार पार्कमध्ये झाला. म्हणजे एकाच माणसाच्या आजारपणात सह्याद्रीचा घाट आणि दख्खनचा हा एकटा खडक शेजारी आले. विश्रांती म्हणजे पत्रे बंद, असे मात्र त्यांनी मानले नाही. आश्रमातल्या भगिनींना जाणारी पत्रे नंदीवरूनही जात राहिली. १९३६ च्या मे महिन्यात ते पुन्हा आले, तेव्हा सी. व्ही. रामन त्यांना भेटायला वर गेले होते.

पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, बंगळूरच्या सार्क परिषदेला आलेल्या राष्ट्रप्रमुखांना निवांत बोलण्यासाठी इथेच आणले होते. बाग, तळे, चौथरे हे सगळे फलोत्पादन खात्याच्या ताब्यात असल्याने डोंगर बराचसा हिरवा राहिला आहे.

गर्दी मात्र खात्याच्या हातात नाही. जुलै २०२१ मध्ये टाळेबंदी सैल होताच इतकी वाहने चढली की शनिवार-रविवारी प्रवेश बंद करावा लागला. पुढच्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, दरड कोसळून रस्ता तुटला आणि डोंगर कित्येक महिने मिटला. मार्च २०२३ मध्ये रोपवेची कोनशिला बसली. रोपवेने गाड्या कमी होतील, असे सांगतात. वर पोहोचणाऱ्या माणसांचे काय, हे कोणी सांगत नाही.

या डोंगररांगेतून पिनाकिनी निघते, पालार निघते, आणि नंदीच्या उतारावर अर्कावती उगम पावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळूरला पहिले नळाचे पाणी आले, ते हेसरघट्ट्याला अडवलेल्या याच अर्कावतीचे. सूर्योदयाला जाणारी मंडळी बरोबर पाण्याच्या बाटल्या नेतात. त्यांत आता कावेरीचे पाणी असते.