नकाशावरचे एकोणीस मैल

या मालिकेत आपण आजवर बहुतेक किल्ले, घाट आणि लढाया यांच्यावर बोललो. आज लढाई नाही, रस्ता आहे. तोही आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला. पण त्या रस्त्यावरून ट्रक घेऊन आरपार जाता येतं का, हे बघायला निघाली होती ती फौज. आणि मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. लोक विचारतात, "कर्नलसाहेब, तुम्ही लढलात कुठे?" मी सांगतो, लढणाऱ्यांना रोटी, पाणी आणि पेट्रोल पोचवलं. तेव्हा ट्रक आणि रस्ता या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

तीन वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो होतो, नेब्रास्का राज्यात, ओमाहाला. त्याने एक आरव्ही भाड्याने घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. ट्रकच्या चॅसीवर बांधलेली खोली. आत गॅसचा ओटा, पलंग, संडास, पाण्याची टाकी. आमची पंचवीस फूट लांब होती आणि अकराएक फूट उंच. बाहेरून बघितलं तर पत्र्याचा डबाच. हे मुद्दाम सांगतोय, पुढे त्या डब्याचाच प्रश्न येणार आहे. बायकोने आत चढल्या चढल्या ओट्याखालचं कपाट उघडून बघितलं आणि म्हणाली, "आपल्या बबिन्याच्या क्वार्टरपेक्षा बरं आहे."

बेत असा होता: ओमाहाहून पश्चिमेला नेब्रास्का, वायोमिंग, युटा आणि शेवटी नेवाडातलं रीनो. साधारण चोवीसशे किलोमीटर. रीनोला गाडी परत करायची आणि विमानाने घरी. हा मार्ग मीच मागून घेतला होता, कारण १९१९ साली अमेरिकी सैन्याचा ताफा जवळजवळ याच वाटेने गेला होता.

पहिलं महायुद्ध संपून आठ महिने झाले होते. युरोपात ट्रकने काय काम केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मग प्रश्न निघाला की उद्या आपल्याच देशात पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर फौज हलवायची, आणि रेल्वे तुटलेली आहे, तर काय? ७ जुलै १९१९ रोजी वॉशिंग्टनमधून, व्हाइट हाउसच्या समोरून, एक ताफा निघाला. ट्रक, मोटारसायकली, रुग्णवाहिका, फिरतं वर्कशॉप, स्वयंपाकाच्या गाड्या, ट्रेलरवर एक छोटा रणगाडा. मिळून ऐंशीच्या आसपास वाहनं आणि तीनशेच्या जवळपास माणसं. ६ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. ३,२५१ मैल, म्हणजे सव्वापाच हजार किलोमीटर, आणि दिवस लागले ६२. चालत्या वेळेचा सरासरी वेग ताशी सहा मैल. आपल्याकडची बैलगाडी याहून फार मागे राहिली नसती.

त्या ताफ्यात निरीक्षक म्हणून एक अठ्ठावीस वर्षांचा लेफ्टनंट कर्नल होता, ड्वाइट आयझेनहॉवर. गडी नाराज होता. युद्धाच्या काळात त्याला गेटिसबर्गला रणगाड्यांच्या प्रशिक्षणावर ठेवलं, आणि फ्रान्सला जायची वेळ आली तोवर युद्ध संपलं. लढाई न पाहिलेला अधिकारी म्हणजे काय, हे आमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. त्यामुळे तो या सहलीला स्वतःहून गेला. प्रवासानंतरचा त्याचा अहवाल मी वाचला आहे. त्यात शौर्य वगैरे काही नाही. कुठल्या राज्यात रस्ता कसा, कुठली गाडी टिकली, कुठली नाही, ड्रायव्हर किती कच्चे होते, एवढंच. असा कोरडा अहवाल माझ्या हाताखालच्या कुणी लिहिला असता तर मी त्याला बढतीची शिफारस केली असती.

नेब्रास्कात पोचेपर्यंत त्यांना चिखल भेटला होता, आता वाळू भेटली. राज्याच्या पश्चिम भागात दोन दिवस त्या वाळूने खाल्ले. कारण समजून घ्या. त्या काळच्या जड ट्रकना भरीव रबराची चाकं असत. वाळूत गाडी घालायची तर आम्ही टायरमधली हवा कमी करतो. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, गाडी तरंगते. भरीव चाकातून काढणार काय? ते सुरीसारखं आत जातं. मग माणसं उतरतात, दोर बांधतात आणि ओढतात.

आम्ही तीच सपाटी एका दिवसात, वातानुकूलित डब्यात बसून पार केली. डावीउजवीकडे मका, मग नुसतं गवत, आणि वारा. तिथला वारा झुळझुळत नाही, तो टेकतो. मुलगा स्टिअरिंग सतत एका बाजूला धरून चालवत होता. बाजूने मोठा ट्रक गेला की क्षणभर वारा अडायचा आणि आमचा डबा त्या ट्रककडे सरकायचा. ट्रक पुढे गेला की फटका बसून पुन्हा बाहेर. मागे कपाटातले डबे हिने टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवले, तेव्हा कुठे खडखडाट थांबला.

वायोमिंगमध्ये शायॅनच्या पुढे रस्ता चढत जातो. शर्मन समिट म्हणून जागा आहे, ८,६४० फूट, इंटरस्टेट ८० वरचं सर्वात उंच ठिकाण. तिथे लिंकनचा प्रचंड ब्राँझचा मुखवटा खाली रस्त्याकडे बघत बसलेला आहे. उतरून आलात की लॅरमी गाव. तिथे रस्त्यावरच्या दिव्यांच्या फलकावर सूचना झळकत होती: पुढे जोराचा वारा, उंच आणि हलक्या गाड्यांना बंदी.

आम्ही पेट्रोल पंपावर थांबलो. मुलगा म्हणाला, "बाबा, ही सूचना रिकाम्या ट्रेलरवाल्यांसाठी असते. आपण हळू जाऊ. एक दिवस गेला तर पुढचं सगळं बिघडेल." पंपावर एक म्हातारा पशुपालक होता, घोड्यांचा ट्रेलर सोडून नुसतीच पिकअप घेऊन आलेला. त्याने आमच्या डब्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, रात्र इथे काढा, पहाटे वारा पडेल. आणि समोर एल्क माउंटनकडे बोट दाखवून म्हणाला, हा रस्ता इथून काढू नका म्हणून आमच्या वाडवडिलांनी सांगितलं होतं.

ती गोष्ट खरी आहे. रेल्वे १८६८ साली इथे आली तेव्हा ती एल्क माउंटनच्या पायथ्याशी गेली नाही. उत्तरेला वळसा घेऊन मेडिसिन बो गावावरून गेली. जुना लिंकन हायवे रेल्वेच्या सोबत गेला. १९१९चा ताफाही मेडिसिन बोवरूनच गेला. पुढे इंटरस्टेट आखताना अभियंत्यांनी नकाशावर सरळ रेघ मारली. वळसा टाळला की एकोणीस मैल वाचत होते. तिथल्या गुरंवाल्यांनी सांगितलं की त्या खिंडीत वारा आणि बर्फ भयंकर असतो, आम्ही हिवाळ्यात तिकडे फिरकत नाही. कोणी ऐकलं नाही. ३ ऑक्टोबर १९७० रोजी रस्ता खुला झाला आणि चारच दिवसांत पहिलं वादळ आलं. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. हो ची मिन्ह ट्रेलचं नाव रोज कानावर. लोकांनी या रस्त्याला 'स्नो ची मिन्ह ट्रेल' म्हणायला सुरुवात केली. मग बर्फ अडवायला मैलोन्‌मैल लाकडी कुंपणं उभारावी लागली. ती अजून आहेत, लांबून एखाद्या रिकाम्या स्टेडियमच्या पायऱ्यांसारखी दिसतात.

आणि या सगळ्या इंटरस्टेटचा कायदा केला कुणी? आयझेनहॉवरनेच. २९ जून १९५६ रोजी, राष्ट्राध्यक्ष असताना, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात असताना त्याने सही केली. ४१,००० मैलांचं जाळं, खर्चाचे शंभरातले नव्वद डॉलर केंद्राचे. त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे की जुन्या ताफ्यामुळे चांगल्या रस्त्यांचा विचार मनात आला आणि जर्मनीतल्या ऑटोबानने रुंद रस्त्यांचं शहाणपण दाखवलं. (जाता जाता: दर पाच मैलांत एक मैल विमानं उतरवण्यासाठी सरळ ठेवलाय, ही कथा तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल. ती खोटी आहे. सैन्याची मागणी खरी होती ती पुलाखालच्या उंचीची, सोळा फुटांची.) म्हणजे वाळूत रुतून शिकलेल्या माणसाचाच कायदा, आणि त्याच कायद्याखालच्या रस्त्याने तिथल्या माणसाचं ऐकलं नाही.

मी हसू शकत नाही याला. कारण १९८५ साली, मे महिन्यात, जैसलमेरच्या रामगढच्या पलीकडे मी हेच केलं. कॅप्टन होतो, सराव चालू होता, माझ्याकडे बारा शक्तिमान ट्रक. रात्री आंधी येऊन गेली होती. सकाळी एक उंटवाला भेटला. म्हणाला, साब, टीबे सरकलेत, खडीनच्या बाजूने कडक जमिनीवरून जा. तो वळसा दहा किलोमीटरचा होता. मी नकाशा उघडला, सरळ वाट दाखवणारी रेघ बघितली आणि त्याला रामराम केला. सात गाड्या रुतल्या. पाच तास फावडी चालली. पाण्याचा ट्रेलर दुसऱ्या तुकडीबरोबर होता. माझा एक ड्रायव्हर, बावीस वर्षांचा पोरगा, दुपारी उष्माघाताने कोसळला. वाचला. पण त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि त्याला पुन्हा गाडीवर बसता आलं नाही. चौकशीत "प्रतिकूल हवामान" असं लिहिलं गेलं. मी दुरुस्ती सुचवली नाही.

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. त्या पंपावर मुलाला सांगितली. तो काही बोलला नाही. गाडी वळवून लॅरमीच्या आरव्ही तळावर लावली. रात्रभर डबा पाळण्यासारखा हलत होता. पहाटे साडेचारला फलक बदलला आणि आम्ही निघालो. वाटेत, एल्क माउंटनच्या अलीकडे, एक ट्रेलर कुशीवर पडलेला दिसला. ड्रायव्हर बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता, तेव्हा जीव भांड्यात पडला.

युटात ताफ्याची खरी परीक्षा झाली. सॉल्ट लेकच्या पश्चिमेला मिठाचं वाळवंट. वर पापडासारखा कडक थर आणि खाली ओला गाळ. ट्रक थर फोडून बसायचा. माणसांनी गाड्या हातांनी ओढल्या. पाण्यावर पहारा बसला, वाटणी मोजून झाली. आयझेनहॉवरच्या अहवालात आहे की इथून कार्सन सिटीपर्यंत धूळ आणि खड्डे यांच्याशिवाय काही नाही, काही ठिकाणी पाणी वीस मैलांवर आणि रेल्वे नव्वद मैलांवर. मला तो नेमका तुकडा बघायचा होता. बघता आला नाही. तिथे आता डगवे प्रूव्हिंग ग्राउंड हा सैन्याचा चाचणी तळ आहे, १९४२पासून. ज्या वाटेवर सैन्याने घाम गाळला ती सैन्यानेच बंद केली. आम्ही उत्तरेच्या इंटरस्टेटने, पांढऱ्या मिठातून, वेंडोव्हरला गेलो, तिथून दक्षिणेला ईलीला आणि पुन्हा ताफ्याची वाट पकडली.

नेवाडातला हायवे ५०. १९८६ साली लाइफ मासिकाने याला अमेरिकेतला सर्वात एकाकी रस्ता म्हटलं, आणि नेवाडावाल्यांनी चिडण्याऐवजी त्याचीच जाहिरात केली. ईली ते युरेका ७७ मैल, युरेका ते ऑस्टिन ७०, ऑस्टिन ते फॅलन ११०. मध्ये काही नाही. डोंगराची रांग, मग सपाट खोरं, मग पुन्हा रांग. ऑस्टिनला हिने टाकीतलं पाणी तपासलं, एक चतुर्थांश उरलं होतं. भांडी घासायची बंद झाली आणि कागदी थाळ्या निघाल्या. मुलगा म्हणाला, "आई, पुढे गाव आहे." ती म्हणाली, "मी फौजीची बायको आहे, गाव येईपर्यंत पाणी आहे असं मी धरत नाही."

रीनोला पोचलो ते एक दिवस उशिरा. गाडी परत करताना त्या दिवसाचं भाडं आणि वर दंड, असं बिल आलं. मी पाकीट काढेपर्यंत मुलाने पैसे भरले होते. विमानात त्याने एकच प्रश्न विचारला, त्या ड्रायव्हरचं गाव कुठलं होतं.