बाटलीबंद बिअरची पारख : क्नाउस्टपासून जॅक्सनपर्यंत

मद्याच्या इतिहासाचा अभ्यास बहुधा उत्पादन, करआकारणी आणि निर्बंध या तीन अंगांनी होत आला आहे. त्याचे कारण उघड आहे. या तिहींची दप्तरे शिल्लक राहिली आहेत. चवीचे दप्तर राहत नाही. एखाद्या आस्वादकाने ज्या पेयाविषयी चार शब्द लिहून ठेवले, ते पेय त्या चाखण्याबरोबरच संपलेले असते, आणि मागे उरतात ते केवळ त्याचे शब्द. या शब्दांना इतिहासाचे साधन मानावयाचे की नाही, आणि मानावयाचे झाल्यास ते नेमक्या कोणत्या गोष्टीचे साधन ठरते, हा प्रश्न बिअरच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. कारण देशोदेशींच्या बाटलीबंद बिअर एकापुढे एक ठेवून त्यांची प्रतवारी लावण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात जितका फोफावला, तितका पूर्वी कधीही फोफावला नव्हता.

बिअर चाखून निर्णय देण्याची प्रथा मात्र फार जुनी आहे. तेराव्या शतकातील इंग्लंडमध्ये पाव व एल यांच्या भावासंबंधी कायदा झाला, आणि गावोगावी एलची तपासणी करणारे अधिकारी नेमले जाऊ लागले. हे अधिकारी चामडी विजार घालून सांडलेल्या एलमध्ये बसत व विजार बाकाला चिकटली की नाही यावरून निर्णय देत, ही कथा अनेक पुस्तकांतून वारंवार छापली गेली आहे. परंतु तिला समकालीन पुरावा नाही आणि ती टाकून दिलेलीच बरी. त्यांचे काम साधे होते : पेय पिण्याजोगे आहे काय आणि मागितलेला भाव त्याला साजेसा आहे काय, एवढेच ठरविणे. एका गावचे एल दुसऱ्या गावच्या एलहून सरस आहे काय, हा त्यांच्या कक्षेतला प्रश्नच नव्हता. पारख आणि तुलना या भिन्न क्रिया आहेत, आणि दुसरीला पहिलीपेक्षा अधिक काहीतरी लागते. अनेक गावांचे पेय एकाच जिभेपर्यंत पोचावे लागते.

ते पोचल्याचा एक ठळक प्राचीन पुरावा जर्मनीत सापडतो. कायदेपंडित हाइनरिख क्नाउस्ट याचा बिअरविषयक पंचखंडी ग्रंथ १५७५ साली एर्फुर्ट येथे छापला गेला. त्यात सुमारे दीडशे बिअरांचे वर्णन आहे. गव्हाच्या व जवाच्या बिअर तो वेगळ्या काढतो, ब्राउनश्वाइगची ‘मुमे’ किंवा ‘ब्रोयहान’ यांसारखी स्थानिक नावे नोंदवितो, आणि प्रत्येक पेयाचा प्रकृतीवर काय परिणाम होतो हे तत्कालीन धातुविचाराच्या आधारे सांगतो. आजच्या वाचकास खटकते ते हे की चव व आरोग्य यांत तो भेद करीत नाही. उत्तम बिअर म्हणजे रक्त शुद्ध राखणारी व डोके न चढविणारी बिअर. परंतु हा त्याच्या जिभेचा दोष नव्हे. त्याच्या प्रतवारीतून बिअर कशी होती हे फारसे समजत नाही. नगरे परस्परांशी कशी स्पर्धा करीत आणि सुशिक्षित माणूस पेयाकडून काय अपेक्षा करी, हे मात्र उत्तम समजते. नगराचे नाव हेच त्याच्या लेखी गुणाचे नाव आहे.

क्नाउस्टच्या काळी बिअर पिंपातून फिरे, आणि म्हणून फार दूर जात नसे. बाटलीने हे चित्र बदलले, पण ते एकाएकी नव्हे. सेंट पॉल्सचे डीन अलेक्झांडर नॉवेल मासेमारीला गेले असता गवतात विसरलेली एलची बाटली काही दिवसांनी बंदुकीसारखा आवाज करीत उघडली, असे टॉमस फुलर याने सतराव्या शतकात नमूद केले आहे. बाटलीचा शोध असा एका डीनने लावला हे कोणी मानू नये. पण बाटलीत किण्वन चालू राहते व पेयाला फेस चढतो, हे त्या काळी लोकांच्या ध्यानी आले होते एवढे त्यावरून दिसते. काच महाग होती. ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ साली उठला. १८७६ साली पाश्चरचा बिअरविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला, १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने शुद्ध किण्वाची एकपेशीय लागवड साधली, आणि १८९२ साली बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने दातेरी पत्र्याच्या झाकणाचे पेटंट मिळविले. या साऱ्यांमुळे आजची बाटली उद्याच्या बाटलीसारखी असेल असे म्हणण्याची सोय झाली. ही सोय नसती तर प्रतवारीला अर्थच उरला नसता; जी वस्तू दर खेपेस निराळी लागते तिला गुण कोणते द्यावयाचे?

तथापि एकसारखेपणाची ही हमी कारखान्याच्या दारापुरतीच असते. बाटली पुढे जो प्रवास करते त्याची साक्ष तिच्यावरील चिठ्ठी देत नाही. हॉपमधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त थायोल तयार होते व स्कंक नामक प्राण्याची आठवण करून देणारी दुर्गंधी येते. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडविते, हिरवी काच फारच थोडा. प्राणवायू व उष्णता यांच्या योगे जुन्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. युरोपातील अनेक हिरव्या बाटल्यांना परदेशी आस्वादकांनी जो दोष लावला, तो कित्येकदा बिअरचा नसून दुकानाच्या खिडकीचा असतो. उलट असेही घडते की तो दोषच ग्राहकाच्या ओळखीचा होतो, आणि ताजी निर्दोष बाटली त्याला फिकी वाटते.

प्रवासाचा हा मुद्दा मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाराला लागू पडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातील हॉज्सनची फिकी एल कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येई. पुढे १८२० नंतर बर्टनच्या ऑल्सॉपने त्या बाजारात प्रवेश केला. ही एल हिंदुस्थानाच्या प्रवासासाठी मुद्दाम शोधली गेली, ही लोकप्रिय समजूत मार्टिन कॉर्नेल या इतिहासकाराने पुराव्यानिशी खोडून काढली आहे. पोर्टरसुद्धा त्याच समुद्रमार्गाने येई आणि सुखरूप पोचे. येथे महत्त्वाचे ते हे की बंदरावरील खरेदीदार पिंप उघडून माल चाखीत आणि त्याच्या स्थितीवरून भाव ठरे. तीही प्रतवारीच होती. परंतु ती प्रवासाअखेरच्या पेयाची होती आणि तसे नसल्याचे ढोंग तिने केले नाही. आधुनिक आस्वादक मात्र दुरून आलेली बाटली चाखून निर्णय देतो तो मूळ कारखान्यावर.

या आधुनिक आस्वादकाचा आदिपुरुष कोणास म्हणावे याविषयी फारसा वाद नाही. यॉर्कशरमध्ये १९४२ साली जन्मलेला पत्रकार मायकेल जॅक्सन (गायकाशी नामसाम्यापलीकडे संबंध नाही) याचा ‘द वर्ल्ड गाइड टु बिअर’ हा ग्रंथ १९७७ साली निघाला. पार्श्वभूमी अनुकूल होती. ब्रिटनमध्ये परंपरागत एल वाचविण्यासाठी १९७१ साली ‘कॅमरा’ ही संस्था स्थापन झाली होती. १९७४ च्या तिच्या मार्गदर्शिकेत एका बड्या मद्यकंपनीविषयीचा शेरा इतका जहाल होता की छापणाऱ्यांनी तो सौम्य करावयास लावला. जॅक्सनने रोष टाळून वर्गीकरण हाती घेतले. पिकांवरून वा नगरांवरून नव्हे, तर ‘शैली’वरून त्याने जगातील बिअरांची मांडणी केली, आणि १९८२ च्या खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिकेत एक ते चार तारे दिले. एक तारा म्हणजे आपल्या देशाला व शैलीला साजेशी बिअर. चार म्हणजे जगातील अभिजात कृती. म्हणजे प्रत्येक पेयाची तुलना प्रथम त्याच्या जातीच्या आदर्शाशी होते, इतरांशी नंतर.

ही पद्धत न्याय्य वाटते, पण तिच्यात एक अडचण लपलेली आहे. तो आदर्श आला कोठून? बेल्जियमच्या कित्येक आंबवणींना स्थानिक लोक गावच्या नावाने ओळखीत. त्यांची शैली झाली ती जॅक्सनने लिहिल्यावर. हूखार्डन गावातील पांढऱ्या बिअरचा शेवटचा कारखाना १९५७ साली बंद पडला होता आणि पीटर सेलिस या दूधवाल्याने ती १९६६ साली पुन्हा सुरू केली. तिला ‘शैली’चे स्थान मिळताच एका माणसाची स्मरणशक्ती साऱ्या जगासाठी प्रमाण ठरली. पुढे सेलिसनेच अमेरिकेत टेक्सास येथे ती पुन्हा उकळली. अशा स्थितीत जॅक्सनचे वर्ग घेऊन एकोणिसाव्या शतकातील जमाखर्चाच्या वह्या वाचावयाच्या, हा संशोधकांत रूढ होत असलेला प्रकार धोक्याचा आहे. त्या वह्या लिहिणाऱ्यांना हे वर्ग ठाऊक नव्हते.

दुसरा मार्ग रसायनशास्त्राचा. डॅनिश शास्त्रज्ञ मॉर्टेन मायल्गार्ड व त्याचे सहकारी यांनी १९७९ साली बिअरच्या चवींची परिभाषा निश्चित केली : १४ वर्ग आणि १२२ संज्ञा, चक्राकार आकृतीत मांडलेल्या. येथे चांगले-वाईट नाही. आहे ते केवळ नामकरण. अमेरिकेत १९८५ पासून पंचांना परीक्षा देऊन तयार करण्याचा जो उपक्रम चालला, त्याने दोन्ही मार्ग जोडले. त्याच्या पन्नास गुणांपैकी वीस चवीला, बारा गंधाला, दहा एकूण छापेला, पाच तोंडातील स्पर्शाला आणि अवघे तीन रूपाला. हे तीन गुण बोलके आहेत. ज्या पेयाची जाहिरात काचेच्या पेल्यातील सोनेरी रंगावर पोसली गेली, त्याच्या रंगाला पंच जवळजवळ काहीच देत नाहीत.

प्रतवारी ज्या वस्तूची होते तिच्यावर उलट परिणाम करते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बेल्जियममधील वेस्टव्लेटेरन येथील सिंट-सिक्स्टस मठाचे. तेथील साधू मठाचा निर्वाह व दानधर्म चालेल एवढीच बिअर करीत. बाटलीवर चिठ्ठी नसे, ओळख काय ती झाकणावर. २००५ साली आस्वादकांच्या एका मोठ्या मतगणनेत त्यांची ‘बारा’ क्रमांकाची बिअर जगात पहिली ठरली, आणि मठाच्या दारात मोटारींची रीघ लागली. साधूंनी उत्पादन वाढविले नाही. दूरध्वनीवरून आगाऊ नोंद, मर्यादित पेट्या, फेरविक्रीस मनाई असे नियम आले. तरीही बाटल्या कित्येक पट किमतीने परदेशी विकल्या जाऊ लागल्या. २०१२ साली, मठाच्या नव्या बांधकामासाठी पैसा हवा म्हणून, साधूंनी तीच बिअर स्वतःहून परदेशी पाठविली. त्यानंतर तिचा विक्रीमार्ग पुन्हा मठाच्या दारापाशी आला.