प्रतापगड नेमका कोणता? रानफुलांच्या जुन्या नोंदींतील पेच

वाळवून जाड कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या शास्त्रीय संग्रहास हर्बेरियम म्हणतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्र, तेथीलच आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हे राज्यातील प्रमुख संग्रह होत. एखादी वनस्पती कोठे व केव्हा आढळली, याचा हा सर्वांत भरवशाचा पुरावा मानला जातो.

फुलबाजारातील अ‍ॅस्टर मूळचे चीनमधील. त्याच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातील सहदेवी, माका, गोरखमुंडी, भामुर्डा या वनस्पती मात्र महाराष्ट्राच्या रानावनांत आपोआप उगवतात. या कुळात जे एक फूल भासते, तो अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो; त्यास स्तबक म्हणतात. जातींमधील भेद बारीक असल्याने ओळख पटवण्यासाठी मूळ नमुना पुन्हा तपासावा लागतो.

नमुन्याइतकेच मोल त्यावरील चिठ्ठीचे असते. तीवर केवळ ‘प्रतापगड’ एवढेच लिहिले असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात साताऱ्याचा किल्ला येतो. परंतु गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातही प्रतापगड आहे. तेथील डोंगरावर जुना किल्ला असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. दोन्ही ठिकाणांत ७०० किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. एकीकडे सह्याद्रीचा अतिवृष्टीचा माथा, तर दुसरीकडे विदर्भातील पानझडीचे जंगल. नमुना सोनकीचा असल्यास सह्याद्रीकडे बोट दाखवता येते. सहदेवी मात्र दोन्हीकडे उगवते. अशा वेळी वनस्पतीवरून स्थळाचा निर्णय होत नाही.

जिल्ह्याच्या नावानेही घोटाळा होऊ शकतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या चिठ्ठीवर भंडारा असणे स्वाभाविक आहे. राज्याच्या रकान्यात १९५० पूर्वी मध्यप्रांत, १९५० ते १९५६ मध्य प्रदेश, तर १९६० पर्यंत मुंबई राज्य येते. विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुक यांनी सिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात हा मुलूख समाविष्ट नव्हता. वनस्पतींची नावेही बदलतात: सहदेवीचे ‘व्हर्नोनिया सिनेरिया’ हे जुने शास्त्रीय नाव जाऊन आता ‘सायँथिलियम सिनेरियम’ रूढ झाले आहे.

संग्रहांचे संगणकीकरण होताना चिठ्ठीवरील गावाचे अक्षांश-रेखांशांत रूपांतर केले जाते. तेथे चूक झाली, तर पूर्व विदर्भातील नोंद साताऱ्याच्या खात्यावर जमा होते. याच कुळातील गाजर गवताकडे पुण्यात १९५५ च्या सुमारास अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले आणि पुढे ते देशभर फोफावले. असे तण कोणत्या भागात कधी पोहोचले, हे ठरवण्यास जुन्या नमुन्यांवरील तारीख व स्थळच उपयोगी पडते. म्हणून चिठ्ठीवर संग्राहकाचे नाव व क्रमांक, तारीख, गाव, तालुका, जिल्हा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवणे आवश्यक ठरते. साताऱ्याचा प्रतापगड सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. गोंदियाचा त्याहून पुष्कळ कमी. गावाचे नाव सारखे असले, तरी उंचीच्या या एका आकड्यावरून स्थळ ओळखता येते.