बिस्मार्कची सत्ता आली कुठून? स्टाइनबर्ग यांचं चरित्र वाचताना

रिसर्च प्रपोजल लिहायला घेतलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो: चरित्रग्रंथ संशोधनात 'चालतो' का, की तो नुसता आवडीनं वाचायचा? या प्रश्नाचं सैद्धांतिक उत्तर देता येईल, पण त्यानं फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एक चरित्र समोर ठेवू आणि ते आतून कसं बांधलंय ते बघू. पुस्तक आहे जोनाथन स्टाइनबर्ग यांचं 'बिस्मार्क: अ लाइफ', ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, 2011. स्टाइनबर्ग अमेरिकन. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी केंब्रिजला शिकवलं, नंतर ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले.

सेट-नेटच्या गाइडमधला बिस्मार्क तुम्हाला पाठ असणारच. डेन्मार्क 1864, ऑस्ट्रिया 1866, फ्रान्स 1870, 18 जानेवारी 1871 ला व्हर्सायमध्ये साम्राज्याची घोषणा, आणि अर्थातच 'रक्त आणि लोह'. (जाता जाता: 30 सप्टेंबर 1862 च्या त्या प्रसिद्ध भाषणात शब्दांचा क्रम उलटा होता. आधी लोह, मग रक्त. लोकांच्या तोंडी तो फिरला.) या यादीतून बिस्मार्कनं काय केलं ते कळतं. स्टाइनबर्ग यांचा प्रश्न वेगळा आहे: हे सगळं त्याला करता कसं आलं?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बिस्मार्क 1862 ते 1890 असा जवळजवळ 28 वर्षं सत्तेवर होता. पण त्याचा स्वतःचा पक्ष नव्हता. संसदेत हक्काचं बहुमत नव्हतं. गणवेश घालायची त्याला भारी हौस, पण सैन्य त्याच्या हुकमात नव्हतं; ते राजाच्या आणि मोल्टकेसारख्या सेनानींच्या हातात. त्याच्या नावानं रस्त्यावर उतरणारी जनता त्याच्यामागे उभी होती असंही नाही. आपल्याकडे सरदार पटेलांना सर्रास 'भारताचे बिस्मार्क' म्हणतात, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवा. पटेलांच्या मागे खेडा होतं, बारडोली होती, काँग्रेसची संघटना होती. बिस्मार्कच्या मागे यातलं काहीच नव्हतं.

स्टाइनबर्ग यांचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग म्हणजे त्याच्या व्यक्तिमत्त्वाची विलक्षण ताकद. समोरच्याला भारावून टाकणारी, त्याच वेळी चिरडून टाकणारी. दुसरा भाग जास्त रोखठोक आहे: एक म्हातारा राजा. पहिला विल्हेल्म 1797 चा. गादीवर आला तेव्हाच साठी उलटलेली. बिस्मार्कला पदावर ठेवणं किंवा काढणं सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. आणि हा राजा मार्च 1888 पर्यंत, म्हणजे नव्वदी पार करून जगला. तो सत्तरीत गेला असता, तर गादीवर त्याचा उदारमतवादी कल असलेला मुलगा फ्रीडरिख आला असता. हा फ्रीडरिख व्हिक्टोरिया राणीचा जावई, आणि बिस्मार्कशी त्याचं कधीच जुळलं नाही. प्रत्यक्षात फ्रीडरिख गादीवर आला तो घशाच्या कर्करोगानं खंगलेला, आणि 99 दिवसांत गेला. मग आला दुसरा विल्हेल्म. त्यानं दोन वर्षांच्या आत, मार्च 1890 मध्ये, बिस्मार्कला घरी बसवलं. युरोपचा नकाशा बदलणाऱ्या माणसाची खुर्ची एका वृद्धाच्या तब्येतीवर उभी होती, हे वाचताना खरंच थांबायला होतं.

आता संशोधक म्हणून खरी लक्ष देण्याची जागा. असा प्रश्न विचारला की साधनं कुठली लागतात?

बिस्मार्कबद्दल सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं साधन म्हणजे त्याच्याच आठवणी. पदावरून गेल्यावर फ्रीडरिक्सरूच्या घरी बसून त्यानं त्या सांगितल्या, आणि लोथार बुखर या जुन्या सहकाऱ्यानं त्या उतरवून घेतल्या. पहिले दोन खंड त्याच्या मृत्यूनंतर लगेच, 1898 मध्ये निघाले. तिसऱ्या खंडात दुसऱ्या विल्हेल्मवर आगपाखड होती, तो 1921 पर्यंत बाहेर आला नाही. भाषा अप्रतिम. पण सांगणारा कोण? अपमान गिळून बसलेला म्हातारा. म्हातारबुवा सरळ घटनासुद्धा वाकवून सांगतात, अशी तक्रार खुद्द बुखरच खासगीत करत असे.

22 सप्टेंबर 1862 ची बाबेल्सबेर्गची भेट घ्या. सैन्यसुधारणेच्या खर्चावरून राजा आणि संसद यांची कोंडी झालेली. राजा पदत्यागाचा मसुदा तयार ठेवून बसलेला. युद्धमंत्री रोननं पॅरिसला तार करून बिस्मार्कला तातडीनं बोलावून घेतलेलं. राजा आणि बिस्मार्क दोघंच बोलतात, फिरायला जातात, आणि बिस्मार्क पंतप्रधान होतो. प्रशियाच्या इतिहासातलं हे निर्णायक वळण. पण दोघांत काय बोलणं झालं याचं जे रंगतदार वर्णन पुस्तकापुस्तकांतून फिरतं, ते मुख्यतः एकाच ठिकाणाहून येतं: बिस्मार्कच्या आठवणींतून, तीस वर्षांनंतर. आपल्या भाषेत सांगायचं तर ही बखर झाली. योगायोग असा की याच 1898 मध्ये इकडे राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, आणि समकालीन पत्र वरचढ की नंतरची बखर, हा वाद मराठीत पेटला.

स्टाइनबर्ग आठवणी फेकून देत नाहीत. ते त्यांच्या शेजारी दुसरी माणसं आणून बसवतात. बिस्मार्कच्या सत्तेची झळ ज्यांना बसली, जे त्याच्या टेबलावर जेवले, ज्यांनी त्याच्या हाताखाली काम केलं, त्यांची पत्रं आणि रोजनिशा. रोन, टीडेमान, होलस्टाइन, लुसियुस फॉन बालहाउझेन. आणि माझी सगळ्यात आवडती, हिल्डेगार्ड फॉन श्पिट्सेम्बेर्ग. व्युर्टेंबेर्गच्या बर्लिनमधल्या राजदूताची ही बायको. बिस्मार्कच्या घरी तिचं येणंजाणं, त्याच्यावर माया, पण डोळे उघडे. तिची रोजनिशी 1960 मध्ये छापली गेली. तिला तीस वर्षांनंतर स्वतःची बाजू सावरायची नव्हती. ती तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवत होती. या साक्षीदारांमधून दिसणारा बिस्मार्क अवाढव्य जेवणारा, झोप न लागणारा, सतत आजाराचं गाऱ्हाणं सांगणारा, जरासा विरोध झाला की राजीनाम्याची धमकी देणारा आणि वैर वर्षानुवर्षं जपणारा आहे. महाराणी आउगुस्टाचा तर त्याला कमालीचा तिटकारा.

मात्र याची किंमत मोजावी लागते. साक्षीदार जेवणघरातले आणि कचेरीतले निवडले, की उत्तर 'व्यक्तिमत्त्व' असंच येणार. कोळसा, रेल्वे, जकातसंघ त्या टेबलावर जेवायला नसतात. म्हणून या पुस्तकाच्या जोडीला फ्रिट्झ स्टर्न यांचं 'गोल्ड अँड आयर्न' (1977) वाचाच. स्टर्न यांनी बिस्मार्कचा ज्यू सावकार गेरसन फॉन ब्लाइशरोडर याची कागदपत्रं उपसली. 1866 च्या युद्धासाठी, संसदेनं अंदाजपत्रक अडवलेलं असताना, पैसा उभा कसा राहिला? त्यात क्योल्न-मिंडेन रेल्वेतले सरकारी हक्क विकण्याच्या व्यवहाराचा मोठा वाटा होता, आणि तो जमवण्यात ब्लाइशरोडर होता. गंमत बघा, बिस्मार्कच्या जाडजूड आठवणींत या माणसाचा उल्लेख जेमतेम येतो. साधन काय सांगतं याइतकंच ते काय गिळतं हेही तपासावं लागतं, ते यासाठी.

स्टाइनबर्ग यांच्याशी माझं खरं भांडण शेवटच्या पानांवर आहे. बिस्मार्कचा वारसा हिंडेनबुर्गमार्फत थेट हिटलरपर्यंत ते नेऊन पोचवतात. संसद दुबळी ठेवणारी आणि एका थोर पुरुषाची वाट बघायला शिकवणारी राज्यव्यवस्था बिस्मार्कनं मागे ठेवली, हे मान्य. पण 1890 ते 1933 या 43 वर्षांत एक महायुद्ध, एक क्रांती, चलनवाढ आणि महामंदी येऊन गेली. जे पुस्तक एका माणसाच्या रोजनिशीइतक्या जवळून चालतं, त्यानं एवढी झेप अर्ध्या पानात घ्यावी हे पटत नाही. हेन्री किसिंजर यांनीही न्यूयॉर्क टाइम्समधल्या परीक्षणात पुस्तकाची स्तुती करून नेमकी हीच रेषा अमान्य केली. अर्थात किसिंजर हे स्वतः सत्ता चालवलेले गृहस्थ. बिस्मार्कबद्दल त्यांचं मत वाचताना तेवढं मनात असू द्या.

चरित्रकार कुठून बघतोय हे विचारायची सवय इथूनच लावा. उदारमतवादी वकील एरिख आइक नाझी राजवटीतून इंग्लंडला गेले आणि त्यांचं तीन खंडी चरित्र 1941 ते 1944 मध्ये स्वित्झर्लंडमधून निघालं. त्यात कायदा पायदळी तुडवल्याचा संताप आहे. पूर्व जर्मनीतले मार्क्सवादी एर्न्स्ट एंगेलबेर्ग यांचा पहिला खंड 1985 मध्ये दोन्ही जर्मनींत एकाच वेळी आला, आणि त्यातला बिस्मार्क अनेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच सहानुभूतीनं रंगवलेला निघाला.

हे करून बघायचं असेल तर एम्सच्या तारेपासून सुरुवात करा. 13 जुलै 1870. राजाकडून अबेकेननं पाठवलेली मूळ तार आणि बिस्मार्कनं काटछाट करून वर्तमानपत्रांना दिलेली तार, दोन्ही उपलब्ध आहेत, इंग्रजी भाषांतरातही सहज मिळतात. आठवणींत बिस्मार्क सांगतो की आपण कात्री चालवली आणि जेवायला बसलेल्या रोन-मोल्टकेंची मेलेली भूक परत आली. फ्रान्सनं 19 जुलैला युद्ध पुकारलं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवा आणि पेन्सिल घ्या. बिस्मार्कनं एकही खोटा शब्द घातलेला नाही, फक्त गाळलंय. काय गाळलंय, आणि राजानं राजदूताला पुन्हा का भेटायचं नाकारलं याचं कारण कुठल्या मजकुरात आहे आणि कुठल्यात नाही, ते आधी स्वतः लिहून काढा. स्टाइनबर्ग यांचं ते प्रकरण त्यानंतर उघडा.