मोक्षपट ते साप-शिडी : एका खेळाचा प्रवास

गेल्या वर्षी उत्सवात मुलांच्या बैठ्या खेळांची जबाबदारी माझ्याकडे आली. कॅरम आणि बुद्धिबळ नेहमीचेच. त्यांच्या जोडीला मी कार्डशीटवर हाताने आखलेला ७२ घरांचा मोक्षपट नेला होता. पाचवीतली एक मुलगी छान पुढे गेली होती. ५१ व्या घरावरून तिला तीन हवे होते, पडले चार. ५५ वे घर अहंकाराचे. तिथल्या सापाने तिला थेट तिसऱ्या घरात, म्हणजे क्रोधात आणून सोडले. ती खरोखरच रागावून म्हणाली, "काका, मी कुठे अहंकार केला? मला तर फक्त चार पडले!"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे, असे समजा.

आपल्याकडे मोक्षपटाचे जनकत्व परंपरेने संत ज्ञानेश्वरांना दिले जाते. त्याला तेराव्या शतकातला पुरावा मात्र नाही. आज हाती असलेले जुने पट बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. पण हा खेळ केवळ आपला नव्हे, हे मला वाचनातून नाही, इथल्या शेजाऱ्यांकडून कळले. कामावरचे आमचे तेलुगू सहकारी याला 'वैकुंठपाळी' म्हणतात. तमीळ घरांत वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरणाला 'परमपदम्' खेळतात. बंगाल्यांचा 'गोलोकधाम' याच कुळातला. हिंदी मुलखात 'ज्ञान चौपड', आणि जैनांचा स्वतःचा ८४ घरांचा पट आहे. गंमत पाहा, मोक्ष, वैकुंठ, परमपद, गोलोक ही सगळी नावे मुक्कामाची आहेत. 'साप-शिडी' हे एकच नाव साधनांचे आहे. खेळाचा सारा इतिहास या नावांच्या फरकात आला, असे मला वाटते.

आता पटाची रचना पाहू. हरीश जोहरी यांनी १९७० च्या दशकात इंग्रजी पुस्तकातून ७२ घरांचा जो वैष्णव पट जगापुढे आणला, तोच मी आखला होता. त्यात प्रत्येक घराला नाव आहे, आणि साप व शिड्या उगीच कुठेही काढलेल्या नाहीत. १२ वर ईर्ष्या. तिचा साप ८ व्या घरात, मत्सराकडे नेतो. २४ वर कुसंग. तो ७ व्या घरातल्या मदाकडे उतरतो. १७ वर दया. तिची शिडी सरळ ६९ ला, ब्रह्मलोकी. ५४ वर भक्ती. तिथून एकदम ६८, म्हणजे वैकुंठ, आणि तिथे खेळ संपला. पण भक्तीला लागूनच ५५ वर अहंकार! दोन्हींत फरक फक्त एका दानाचा. भक्तीच्या दारात अहंकार बसलेला असतो, हे कीर्तनकार तासभर सांगतील; पटाने ते दोन घरे शेजारी ठेवून सांगितले. ४६ वरच्या विवेकाची शिडी ६२ ला, सुखाकडे नेते. वाटेतला अहंकार आणि ६१ वरची दुर्बुद्धी दोन्ही टळतात. तरी पुढच्याच घरात तामस टपलेला आहे, तो दुसऱ्या घरातल्या मायेत नेऊन टाकतो. सुखात आल्यावरच सावध राहावे, हे वेगळे सांगायला नको.

शेवटचा नियमही पाहण्यासारखा आहे. वैकुंठाच्या घरात नेमके दान पडले तरच सुटका. जास्त पडले तर पुढे ७२ पर्यंत सरकत जायचे. तिथे तमोगुणाचा साप ५१ ला, पृथ्वीवर परत पाठवतो. म्हणजे पुन्हा जन्म! आजच्या साप-शिडीतही शंभराला नेमके दान लागते, पण जास्त पडले तर सोंगटी नुसती जागेवर थांबते. नियम उरला, अर्थ गेला.

१८९० च्या दशकात हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला. तिथे काटकसरीची शिडी समाधानाकडे, उद्योगाची यशाकडे जाऊ लागली. आळसाचा साप दारिद्र्यात उतरू लागला. मोक्षाची जागा व्यावहारिक यशाने घेतली. १९४३ साली अमेरिकेत सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. आणि आपल्याच दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक पटांवर आता फक्त एक ते शंभर आकडे उरले आहेत.

असे इतर खेळांचेही झाले. आपण लहानपणी सुट्टीत 'व्यापार' खेळत असू. त्याचे मूळ, अमेरिकेतला मोनोपॉली, ज्यावरून निघाला तो खेळ एलिझाबेथ मॅगी या बाईंनी केला होता. १९०४ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. जमीनदार भाड्यावर कसे गबर होतात आणि बाकीचे कसे नागवले जातात, हे त्यांना दाखवायचे होते. मक्तेदारीविरुद्धचा हा खेळ १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने त्यांच्याकडून ५०० डॉलरला विकत घेतला आणि आपल्या मोनोपॉलीचा रस्ता मोकळा केला. तो इतका रंगतो, की खेळणारा प्रत्येक जण स्वतःच मक्तेदार व्हायला धडपडतो. खेळ जिंकला, सांगणे हरले.

आता त्या मुलीचा प्रश्न. तिचे म्हणणे खरे आहे. पट कर्माची गोष्ट सांगतो, पण फासा निवड करू देत नाही. जुनी माणसे म्हणतील, दान म्हणजे प्रारब्ध. मला ते पुरते पटत नाही. चूक न करता शिक्षा झाली तर मूल खेळ सोडून उठेल. यावर तोडगा त्या दिवशी मुलांनीच काढला. ज्याला साप चावेल त्याने त्या घराच्या नावाची स्वतःची एक खरी गोष्ट सांगायची. सगळ्यांना पटली तर साप माफ. त्या मुलीने पहिला नंबर आल्यावर धाकट्या भावाला चिडवल्याची गोष्ट सांगितली. भाऊ तिथेच बसला होता. त्यानेच आधी मान डोलावली.

अहंकार म्हणजे काय, हे तिला माझ्या व्याख्येतून कळले नसते. आकड्यांच्या पटावर ती गोष्ट आठवण्याचे कारणच पडले नसते. फाशाने फक्त घर दाखवले, कबुली तिची होती.

घरापासून इतक्या लांब आपण दरवर्षी बाप्पा बसवतो. मांडव, आरती, प्रसाद हे सारे नेमाने होते. पण घरांवरची नावे पुसली जाऊन नुसते आकडे तर उरत नाहीत ना, हे अधूनमधून पाहावे. यंदाही पट मांडणार आहे. मोठ्यांनीही यावे. साप चावला तर गोष्ट मात्र खरी सांगावी लागेल.

गणपती बाप्पा मोरया!