निरोगी घशातला पाहुणा

घटसर्पाचं नाव काढलं की जुनी माणसं आजही दचकतात. घशात करडा पापुद्रा धरायचा, श्वास कोंडायचा आणि हसतंखेळतं मूल हातचं जायचं. घरचे म्हणत, "आजारी माणूस तर कोणी आलं नव्हतं, मग रोग आला कुठून?" श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर कसं सापडलं, त्याची ही हकीगत.

साल १८८४. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांचे सहकारी डॉ. लोफ्लर घटसर्पाचा जंतू शोधत होते. पण घशात जंतूंचे नाना प्रकार. त्यांतून नेमका एक निवडायचा कसा? जशी जमीन तसं पीक, हे शेतकऱ्याला सांगायला नको. लोफ्लर यांनी तशीच जमीन तयार केली. जनावराच्या रक्तातला पातळ पिवळसर भाग, म्हणजे सीरम, तीन हिस्से आणि साखर घातलेलं मांसाचं सार एक हिस्सा. हे उष्णतेनं खरवसासारखं थिजवायचं. त्यावर घशातला लेप ओढून नळी अंगाइतक्या उबेत ठेवली, की एका रात्रीत घटसर्पाचा जंतू इतरांच्या पुढे निघून जाई.

पण एक अडचण आली. कॉख यांच्या परंपरेतला दंडक असा, की रोगाचा जंतू प्रत्येक रोग्यात सापडावा आणि निरोग्यात सापडू नये. लोफ्लर यांना काही रोग्यांत तो मिळाला नाही. उलट एका धडधाकट मुलाच्या घशात मिळाला! त्यांनी ही गैरसोयीची नोंद दडवली नाही. पुरावा अजून पुरा नाही, असं सांगून ती छापली.

पुढे १८९३ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात डॉ. विल्यम पार्क यांनी ही तपासणी शहरभर नेली. औषधांच्या दुकानांत छोट्या पेट्या ठेवल्या. पेटीत दोन नळ्या: एकीत सीरम, दुसरीत कापूस गुंडाळलेली काडी. संध्याकाळी नळ्या गोळा व्हायच्या, दुसऱ्या दिवशी निकाल. तेव्हा दिसलं, की बऱ्या झालेल्यांच्या आणि रोग्याच्या घरातल्या निरोगी मुलांच्या घशातही जंतू मुक्काम करतो. लोफ्लर यांना अडलेलं ते मूलच प्रश्नाचं उत्तर होतं!

या जातीचा प्रत्येक जंतू विषारी नसतो, म्हणून विषाची परीक्षा वेगळी करतात. लस त्या विषापासून वाचवते. जंतू घशात येणारच नाही, अशी हमी ती देत नाही. म्हणून रोग्याच्या घरी आरोग्य सेवक सर्वांच्या घशाला काडी लावू लागला, तर रागावू नये. ज्याच्या घशात जंतू निघेल तो गुन्हेगार नव्हे. त्यालाही औषधच द्यायचं असतं.

आणि गुरुजी, वर्गातल्या प्रयोगात एखाद्या मुलाचं उत्तर जुळलं नाही, तर ते लगेच खोडू नका. आधी वहीत लिहून ठेवायला सांगा.